नऊ मतदारांचं बेट

टॉलिव्हर बेट
२४ फेब्रुवारी

नेव्ह,

हे पत्र मी सोळा दिवस टाळलं. आधी म्हटलं पेन नाही. पेन मिळालं तर म्हटलं कागद सादळलाय. मग कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करायला घेतलं, जे कोंबड्यांनी मागितलं नव्हतं. काल त्याला दुसरं दारसुद्धा बसवलं. आई खिडकीतून म्हणाली, "आता काय, त्यांच्याकडे पाहुणे पुढच्या दाराने येणार?" तेव्हा कळलं, आता लिहायलाच हवं.

फोन तू उचलत नाहीस. तो तुझा हक्क आहे. पण पत्र निदान पडून राहतं, आणि पडलेलं पत्र माणूस कधीतरी फोडतो. (हे खरं नाही, निदान माझ्या बाबतीत. पण ते नंतर.)

बातमी अशी की फेरीबोट बंद होतेय. एकतीस मार्चला शेवटची फेरी. बिघाड नाही, दुरुस्ती नाही, कायमची बंद. तू म्हणशील, अरे, फेरीबोट तर सनदेत लिहिलेली आहे. होती. काउंटीची सनद झाली तेव्हा बेटाची मतं हवी होती म्हणून त्यांनी ते एक वाक्य घातलं: 'काउंटी टॉलिव्हर बेटासाठी वर्षभर, दररोज फेरीबोट चालवील.' बाबा जेवायला बसताना प्रार्थनेऐवजी हे म्हणायचे, आठवतं? आई चिडायची.

तर दर दहा वर्षांनी लोक पंधरा जणांचं मंडळ निवडतात आणि ते सनद उघडून दुरुस्त्या सुचवतात. तू नागरिकशास्त्रात पहिली यायचीस, तुला काय सांगायचं. मी त्या तासाला बाहेर असायचो. आणि बघ, मंडळावर कोण गेलं? मी. आमच्या भागातून एका जागेला कुणी अर्जच भरला नाही, तेव्हा बेटाच्या लोकांनी मतपत्रिकेवर हाताने माझं नाव लिहिलं. अकरा मतांनी निवडून आलो. मी शेळ्यावाल्या बिलीला विचारलं, मीच का? म्हणाली, "बाकी सगळ्यांना कामं आहेत."

मी वर्षभर दर गुरुवारी पलीकडे जायचो. दुरुस्तीचा मसुदा कसा असतो बघितलायस कधी? जे शब्द काढायचे त्यांच्यावर आडवी रेघ, जे घालायचे त्यांच्याखाली रेघ. सगळे वाचता येतात, मेलेलेही आणि जन्माला न आलेलेही. मला ते फार आवडायचं. मी कंटाळलो की मेलेले शब्दच वाचत बसायचो.

एका गुरुवारी आपलं अख्खं वाक्य आडव्या रेघेखाली आलं. लॉर्ना स्टॉबर्टने आणलं होतं, पलीकडे जिचं टायरचं दुकान आहे ती. पंधरातले आठ तिच्या बाजूला. म्हणाली, "पोरा, आठवड्यात चार दिवस ती बोट रिकामी येते नि रिकामी जाते. त्याच काउंटीत शाळेच्या बसला ब्रेक नाहीत. मी टायर विकते, मला दिसतं." वाईट बाई नाही ती. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

मग मी उठलो. मी तडजोड सुचवली. वाक्य राहू द्या, फक्त पुढे एवढं जोडा: 'जोवर बेटावर किमान दहा नोंदलेले मतदार राहत असतील तोवर.' लॉर्ना म्हणाली, "दहा आहेत का तुमच्याकडे?" मी तिथल्या तिथे बोटांवर मोजत अकरा नावं म्हणून दाखवली, आईपासून म्हाताऱ्या एमेट रस्कपर्यंत आणि शेवटी माझं. लोक हसले. आठ विरुद्ध सात मतांनी माझी तडजोड पास झाली. नोव्हेंबरात काउंटीनेही मतदान करून ती मान्य केली. पलीकडच्या धक्क्यावर कुणीतरी माझी पाठ थोपटली म्हणे. म्हणजे थोपटली असती. मी तेव्हा इथे नव्हतो, थोडा बाहेर होतो.

डिसेंबरात एमेट गेला. शेगडीजवळ, बूट काढता काढता. एक बूट पायातच होता. आणि जानेवारीच्या मोजणीत आम्ही नऊ भरलो.

मी तुझ्याकडे काही मागत नाहीये. फक्त कळवतोय.

ऑरिन


५ मार्च

नेव्ह,

परवा काउंटी कौन्सिलपुढे बोलून आलो. तीन मिनिटं देतात, समोर दिवा असतो, हिरवा, पिवळा, लाल. मी पिवळा होईपर्यंत नुसता घसा साफ करत होतो. मग म्हणालो की आज, या घटकेला, बेटावर दहा मतदार राहतात, हवं तर येऊन मोजा. तर वकील म्हणाला, आज कितीही असोत, मोजणी जानेवारीच्या कामकाजाच्या पहिल्या दिवशी, वर्षातून एकदाच, असं सनदेत लिहिलंय, आणि सनद कौन्सिलच्या वर असते. त्याचं बरोबर आहे. सनद कौन्सिलच्या वर असते, हे वाक्य मीच मंडळाच्या सभेत टाळ्या घेत म्हटलं होतं. आणि ती तारीखही माझी. लॉर्नाला वर्षातून दोन मोजण्या हव्या होत्या, जानेवारीत आणि जुलैत, कुठलीही एक भरली तरी चालेल. मीच म्हणालो, नको, उन्हाळ्यापुरत्या राहायला येणाऱ्या लोकांची भर घालून आम्हाला फसवाफसवी करायची नाही. मला प्रामाणिक दिसायचं होतं, नेव्ह. आणि दिसलो!

आता पुन्हा सनद उघडायला नऊ वर्षं. सह्या गोळा करून मध्येच दुरुस्ती आणता येते, पण ती पुढच्या नोव्हेंबरात, आणि बोट मेमध्ये विकली जाणार.

बाहेर लॉर्ना तिच्या गाडीला टेकून उभी होती. वाटलं, आता टोमणा मारेल. म्हणाली, "अकरा म्हणजे फार नव्हते रे. मी तुला त्याच दिवशी म्हणणार होते. पण तू इतक्या खुशीत नावं घेत होतास."

मी म्हटलं, "मग म्हणायचं होतंत."

"माझं काम होतं ते? मी तर अख्खं वाक्यच काढायला निघाले होते. तेव्हा निदान सगळ्यांना कळलं असतं की ते कुणी काढलं."

घरी येताना बोटीत मी एकटाच. ऑरेगनमध्ये माझ्याबरोबर एक म्हातारा होता, ख्रिसमसची झाडं तोडायला, तो डब्यातल्या पीचशिवाय काही खायचा नाही. सकाळी पीच, दुपारी पीच. मी विचारलं का, तर म्हणाला, एकदा ठरवलं की पुढे विचार करावा लागत नाही. मला त्याची का आठवण आली बोटीत, माहीत नाही. नाही, माहीत आहे. मी पुन्हा खुराडं दुरुस्त करायला लागलोय.

तू गणितात हुशार होतीस. गेल्या पत्रातली वजाबाकी तू तेव्हाच केली असशील. अकरातून एमेट गेला तर दहा राहतात. नऊ नाही.

दुसरा मी.

मतपत्रिका टपालात टाकली आणि दुसऱ्याच दिवशी मी निघालो होतो. झाडांच्या मळ्यावर ट्रक चालवायला तिथलं लायसन्स हवं म्हणाले, म्हणून एका मंगळवारी जाऊन काढलं. फोटोत मी हसतोय. तिकडे लायसन्स काढलं की माणसाचं नाव आपोआप तिथल्या मतदारयादीत जातं. खिडकीतल्या बाईने सांगितलं असणार, घरी कागदही आला असणार, मी त्यात नक्कीच काहीतरी गुंडाळलं. तिकडून इकडे कळवलं गेलं, आणि इथली नोंद रद्द झाली. मी परत आलो त्याच दिवशी कचेरीतल्या बाईने मला हे सांगितलं आणि मी पुन्हा नोंद केली, म्हणून कौन्सिलसमोर दहा म्हणालो. पण जानेवारीच्या त्या एका दिवशी कागदावर मी ऑरेगनचा होतो. ख्रिसमस होऊन गेला होता आणि मी रोपं लावत होतो, तीन दिवसात नऊशे. शंभर मी कंटाळून तिरकी लावली.

अजून कुणाला ठाऊक नाही. सगळ्यांना वाटतं, वरच्या टोकाच्या त्या जोडप्यातलं कुणीतरी एक ॲरिझोनात नोंदलेलं निघालं. ते कुणाशी फारसं बोलत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर ढकलणं सोपं पडतं. काल बिलीने त्यांना अंडी द्यायची बंद केली.

ऑरिन


१४ मार्च

नेव्ह,

आईला सांगितलं.

ती गाजरं खरवडत होती. मी सगळं सांगितलं, लायसन्स, मंगळवार, फोटोतलं हसू. ती खरवडत राहिली. मग म्हणाली, "मला जानेवारीतच कळलं."

निवडणूक कचेरीने मोजणीची यादी धक्क्यावरच्या फळ्यावर लावली होती, नऊ नावं. आई रोज सकाळी बोट बघायला खाली जाते, तिने ती सगळ्यात आधी वाचली. दोनदा वाचली. मग टाचण्या काढून यादी खिशात घातली. लोकांनी विचारलं तर म्हणाली, वाऱ्याने गेली असेल. आकडा नंतर फोनवरून सगळ्यांना कळला, पण नावं कुणी पाहिली नाहीत. आपली आई, नेव्ह. जिने मला दुसऱ्याच्या झाडाचं एक सफरचंद परत ठेवायला तीन मैल चालवलं होतं.

मी म्हटलं, "मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? मोजणी झाली होती. तू ते ऐकून गाडी रस्त्याखाली घातली असतीस."

मग तिने पावाच्या डब्याखालून तीन पाकिटं काढली. सरकारी. एकावर ठसा होता, 'आपली नोंद रद्द होत आहे, हरकत असल्यास तीस दिवसांत कळवा.' नोव्हेंबरच्या शेवटचं. बंद.

"मी फोनवर म्हटलं होतं तुला, पाकिटं आलीयत."

"मी काय म्हटलं?"

"ठेव तिथंच. मी ठेवली. दुसऱ्याचं टपाल मी फोडत नाही."

नेव्ह, मी तिच्यावर ओरडलो. सत्तर वर्षांच्या बाईवर, तिने माझं पाकीट फोडलं नाही म्हणून. गाजरं संपली होती, तर तिने बटाटे घेतले.

मग ते माझ्या निवडीचं. मला वाटायचं लोकांनी गंमत म्हणून नाव लिहिलं. आई दारोदार गेली होती. एमेटच्या घरी तर त्याच्या हातात पेन देऊन उभी राहिली. म्हणाली, "म्हटलं, वर्षभर दर गुरुवारी काम असलं तर राहशील."

बाबांना पुरलं त्या दिवशी तू म्हणालीस, आईला मी बॉइसीला नेते. मी म्हटलं, तिला कुठे नेतेस, मी राहतो की इथे. तू म्हणालीस, "तू? तू किती दिवस?" आणि मी तुला सगळ्यांसमोर जे बोललो ते इथे लिहीत नाही, तुला पाठ असेल. तू त्याच फेरीने गेलीस. मी तेव्हा पाच आठवडेच राहिलो; मंडळाचं सगळं त्यानंतरचं. आई तुला सांगत आली की मी इथेच असतो. मीही तुला कधी खोटं सांगितलं नाही, कारण मी तुला काहीच सांगितलं नाही.

आता मागतो. गेल्या महिन्यात म्हटलं होतं मागत नाही, ते खोटं होतं. आईला ने. बोट नाही म्हणजे डॉक्टर नाही, गॅसची टाकी नाही, टपाल नाही. बिली शेळ्या पलीकडे नेऊन विकणार आणि बहिणीकडे जाणार. वरच्या टोकाचं जोडपं परवा गेलं. त्यांच्या दारावर कुणीतरी अंडं फेकलेलं होतं, मी ते धुऊन काढलं. कोण होतं विचारू नकोस, आणि मी सगळ्यांना खरं सांगितलं का तेही विचारू नकोस. सांगितलं. पण ते गेल्यावर.

ऑरिन


२७ मार्च

नेव्ह,

तुझं कार्ड मिळालं. एका बाजूला धरणाचं चित्र, दुसऱ्या बाजूला 'पाठव.' मी ते चारदा उलटून पाहिलं, मागे अजून काही असेल म्हणून. पुरेसं आहे. पुरेशापेक्षा जास्त आहे.

आईला दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं. एकच शब्द वाचायला तिला फार वेळ लागला. म्हणाली, "तिच्या घराला जिना आहे का?" मी म्हटलं माहीत नाही. "नसेल," म्हणाली. "नवीन घरांना नसतो." मग बॅगेत माझे लोकरी मोजे भरायला लागली. मी म्हटलं, हे माझे आहेत. म्हणाली, "तू कुठे जाणार आहेस ते ठरलं की कळव, तिथे पाठवीन."

लोक माझ्याशी वाईट वागत नाहीत. बिलीने फक्त एवढंच म्हटलं, "मी तुझं नाव लिहिलं होतं. सुवाच्य अक्षरात." मग बोकडाला ओढत निघून गेली. मला वाटतं तिने थोबाडीत मारली असती तर मी रात्री झोपलो असतो.

पलीकडून बस एकतीसला दुपारी चारला निघते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तुझ्याकडे.

ऑरिन


३१ मार्च, संध्याकाळ

नेव्ह,

दोनच्या फेरीने आई गेली. धक्क्यावर आम्ही सगळे होतो, सगळे म्हणजे सहा, त्यातले तिघं बोटीत चढणारे. कप्तानाने भोंगा वाजवला नाही. मी त्याला विचारलं होतं, वाजवशील ना. म्हणाला, "वाजवला तर मला हुंदका येईल आणि मी बोट खांबावर घालीन." तर नुसतीच गेली. आई बोटीच्या मागच्या टोकाला उभी होती, बिलीच्या शेळ्यांमध्ये, आणि एक शेळी तिच्या कोटाचा पट्टा खात होती. तिला ते कळलं नाही, का कळलं होतं आणि तिने खाऊ दिलं, कुणास ठाऊक. हात हलवला नाही. मीही नाही.

मी मागे राहिलो ते घर बंद करायला. उद्या सकाळी एक खेकडेवाला मला पलीकडे सोडणार आहे. पुढचं ठरलेलं नाही. नळातलं पाणी काढून टाकलं, शेगडीतली राख काढली, कोंबड्या दिल्या. खुराडं राहिलं, दोन दारांचं.

आता आईबद्दल, तुला यापुढे लागेल म्हणून. सकाळची गोळी अर्धी, संध्याकाळची पूर्ण, उलट केलं तर तिला भोवळ येते. तिला कॉफीचा दुसरा कप हवा असतो पण ती मागत नाही, कप सरकवून तुझ्याकडे नुसती बघते. मिरपूड चालत नाही. पाऊस पडत असला की खिडकी उघडी लागते, ओरडू नकोस. पहाटे पाचला उठून कुठेतरी खाली जायला निघेल. बोट बघायला. तिला सांगू नकोस की तिथे बोट नाही, तिला ते माहीत असेल, पायांना माहीत नसेल. जिना असेल तर दिवा लावून ठेव.

आणि माझ्याबद्दल तिला काही विचारू नकोस. ती माझ्या बाजूने खोटं बोलेल आणि तुला पुन्हा राग येईल.

मी म्हटलं होतं मी राहतो. मी सनदेत 'तोवर' घातलं, नेव्ह. आधी तिथे काहीच नव्हतं, 'दररोज' होतं, पूर्णविराम होता. मला वाटलं मी ते वाचवलं. दररोज हा शब्द मला कधीच पेलला नाही. मी दुसऱ्यांच्या दररोजलाही

थांब. खाली इंजिनाचा आवाज येतोय. खेकडेवाला उद्या येणार होता.


खेकडेवाला नाही. लॉर्ना स्टॉबर्ट आहे, तिच्या स्वतःच्या छोट्या बोटीत, सुकाणूवर. आणि पुढच्या फळीवर, केशरी जॅकेट घालून, मांडीवर पर्स धरून, आई.

मी धावत खाली गेलो. लॉर्ना मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस. मी शेवटची फेरी बघायला धक्क्यावर गेले होते. तासाभराने तुझी आई बसथांब्यावरून चालत आली आणि माझ्या बोटीत बसली. उतरायला तयार नाही. मी काय, तिला टायरसारखं उचलू?" आणि मग, "उद्या मी येणार नाही हं. परवाही नाही. मी कुणाची फेरीबोट नाही."

आईने माझा हात धरून पाऊल टाकलं. हात बर्फासारखा होता. म्हणाली, "त्या माणसाने बॅग बसच्या पोटात घातली, दार लावलं. मग मला म्हणाला, चढा. मी म्हटलं, तुम्ही जा."

तर नेव्ह, साडेनऊला स्टँडवर जा. बॅग येईल. निळी, पट्ट्याला लाल लोकर बांधलेली. आई येणार नाही. गोळ्या बॅगेत आहेत. लॉर्ना आज रात्री तुला फोनवर एवढं कळवते आणि हे पत्र टपालात टाकते म्हणतेय पण थांबायला तयार नाही, भरती उतरतेय. पुढे काय करायचं ते मला माहीत नाही, गॅस दहा दिवसांचा आहे, आणि माणसं उरली चार. आई वर घरात गेलीय. खिडकीतून ओरडून विचारतेय की नळाला पाणी का नाही, आणि मी